उबेला बसलेलं मांजर

किहीमला थंडी पडते असं सांगितलं की मुंबईची माणसं हसतात. समुद्रकाठी कसली आलीये थंडी, म्हणतात. दिवसा त्यांचं खरंही असतं. पण मार्गशीर्ष लागला की पहाटे वाडीत दव पडायला लागतं. माडाच्या झावळ्यांवरून थेंब पडवीच्या पत्र्यावर टपटपत राहतात, विहिरीवर वाफ दिसते आणि सूर्य वर येईपर्यंत पदरातून हात बाहेर काढवत नाही. नाताळची सुट्टी नेमकी याच दिवसांत येते, आणि घरामागच्या आमच्या दोन खोल्या पाहुण्यांनी भरतात.

या खोल्या काही आम्ही हौसेने काढल्या नव्हत्या. ह्यांचा सगळा जन्म ट्रकवर गेला. न्हावाशेव्याहून कंटेनर उचलायचा आणि नाशिक, इंदूर, कधी थेट दिल्ली. चार-पाच वर्षांपूर्वी एकदा गाडी घरासमोर उभी असताना, सकाळी दात घासता घासता ह्यांच्या हातून ब्रश पडला आणि पाठोपाठ हे पडले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अगदी पूर्ण नाही गेली, तीन शब्द राहिले. ‘नको’, ‘आयला’ आणि ‘ये’. डॉक्टरांनी मला समजावलं होतं की बाकीचे शब्द डोक्यात असतात, ह्यांना सगळं कळतं, फक्त बोलायची वाट बंद झालीये. मी घरी आल्यावर खूप दिवस ती वाट उघडायच्या मागे होते. पाणी दाखवून ‘पाणी’ म्हणा, भात दाखवून ‘भात’ म्हणा. हे माझ्या तोंडाकडे बघत राहायचे आणि शेवटी ‘नको’ म्हणून मान फिरवायचे. मग मीही सोडून दिलं. ट्रक विकला, जुना गोठा पाडून खोल्या बांधल्या. मुलगा कळंबोलीला नोकरी करतो, तो महिन्यातून एकदा येतो. रोजचं सगळं माझ्यावर.

मांजर आलं ते थळच्या मासेवालीमुळे. माझ्याकडे उंदरांचा त्रास आहे हे तिला ठाऊक होतं. एकदा बांगड्यांच्या टोपलीशेजारी कापडात गुंडाळून तिने एक पिल्लू आणलं, ठेवा म्हणाली, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत गेलीसुद्धा. पांढरं, पाठीवर तांबूस-काळे ठिपके. आम्ही त्याला काही नाव ठेवलं नाही. मला ते फारसं आवडायचं नाही, हे आज लिहिताना लपवत नाही. ओट्यावरची मांदेली पळवायचं, पाहुण्यांच्या चादरींवर केस सोडायचं. आजारी माणसाच्या बिछान्यात मांजर नको म्हणून मी त्याला दिवसातून दहा वेळा हुसकत होते.

पण हे ‘ये’ म्हणाले की ते यायचं. एकाच हाकेत, कुठेही असलं तरी. पलंगावर चढून ह्यांच्या उजव्या कुशीला, त्या निर्जीव हाताला टेकून बसायचं. ह्यांच्या तीन शब्दांपैकी एवढा एकच शब्द असा होता की तो उच्चारला आणि जगात काहीतरी झालं. पुढे कधीतरी, व्यायाम द्यायला अलिबागहून येणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं की उजव्या हाताची बोटं थोडीशी हलताहेत. मांजराच्या केसांत ती बोटं आत-बाहेर व्हायची, मुंगीच्या चालीने. बाई म्हणाल्या, जे काय चाललंय ते बंद करू नका. त्यानंतर मी मांजराला खोलीतून हुसकणं बंद केलं. पण त्यापलीकडे त्याचं काही केलं, असंही नाही.

त्याची थंडीतली सोय आधीपासूनची होती. न्हाणीत आमचा तांब्याचा बंब असायचा. नारळाची सोडणं आणि वाळक्या झावळ्या घालून मी तो संध्याकाळी पेटवायची, सकाळी परत. मधल्या वेळात राख गरम राहायची आणि मांजर बंबाला अंग लावून झोपायचं. ते तिथे झोपतं हे मला माहीत होतं. पण ते तिथे का झोपतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका पाहुण्याने तक्रार केली की गरम पाण्यासाठी थांबावं लागतं, धुराचा वास येतो. मुलगाही म्हणत होताच. मग मी गॅसचा गीझर बसवला आणि बंब मोडीत न घालता माळ्यावर टाकला. न्हाणी स्वच्छ झाली, पांढरी फरशी घातली. मी खूश होते.

डिसेंबरच्या मध्याला गारठा वाढला तसं मांजर दिसेनासं व्हायला लागलं. हे हाक मारायचे, ते यायचं, पण पहाटे कुठून तरी ऑइलचा वास घेऊन यायचं. एकदा त्याच्या पाठीवर काळं वंगण लागलेलं दिसलं. मग एका सकाळी पाहुण्यांच्या गाडीच्या बॉनेटवर मला दवातले पंजे दिसले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवसभर फिरून आलेली गाडी संध्याकाळी अंगणात लागते, तिचं इंजिन बराच वेळ ऊबदार असतं, आणि मांजर खालून आत शिरून बसतं. ह्यांची एक सवयही तेव्हा आठवली. थंडीच्या दिवसांत गाडी चालू करण्याआधी हे केबिनच्या पत्र्यावर दोन जोरदार थापा मारायचे. मला वाटायचं, ड्रायव्हर लोकांचं काहीतरी असेल, नारळ फोडतात तसं.

तेव्हापासून मी रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा अंगणात जाऊन गाड्यांवर थापा मारायची. पाहुण्यांनाही सांगून ठेवायची, निघताना मला आधी हाक मारा. पडवीत गोणपाटही घातलं होतं. पण गोणपाटाला स्वतःची ऊब नसते. मांजर त्यावर एकदा बसलं आणि उठून गेलं. बंब परत खाली काढावा असं दोनदा मनात आलं. पण नव्या फरशीवर राख सांडेल, असंही मनात आलं.

चोवीस तारखेला पुण्याहून एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. चांगली माणसं होती. आल्या आल्या ह्यांच्या खोलीत येऊन नमस्कार केला, ह्यांच्याशी बोलले, नुसतं माझ्याशी नाही. असं फार कमी पाहुणे करतात. त्यांना पोपटी खायची होती म्हणून संध्याकाळी वाडीत मडकं लावलं. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. ती मुलगी जाळाशेजारी मांजराला घेऊन बसली होती आणि आपल्या पानातलं त्याला भरवत होती. हाडं देऊ नकोस, केक देऊ नकोस, मांजराला सोसत नाही, असं तिची आई सांगत होती. मलाही ते नवीन होतं. आम्ही तर काटे-हाडं सगळं तसंच टाकायचो. नंतर सगळे उठले तेव्हा मांजर त्या गरम राखेजवळच पसरलं होतं. मुलगी सकाळी धावत येईल, तिचा पाय निखाऱ्यात पडेल, म्हणून मी राखेवर दोन घागरी पाणी ओतलं. मांजर दचकून उठलं, माझ्याकडे बघितलं आणि गाड्यांच्या दिशेने निघून गेलं. मी ते बघितलं होतं. सकाळी थापा मारायच्या एवढं लक्षात ठेवलं आणि घरात आले.

त्यांना सकाळी लवकर मांडव्याला जायचं होतं, तिथे मुंबईच्या बोटीने कोणी नातेवाईक येणार होते. मी उठले, चहा टाकला, घावण्यांचा तवा ठेवला. थापा मारायला जाणारच होते, पण तेवढ्यात दुसऱ्या खोलीतले पाहुणे पाणी मागायला आले, मग तवा तापला. आतून ह्यांची हाक ऐकू आली. “ये.” रोज याच वेळी हे मांजराला बोलवायचे. परत “ये”. परत. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर हात आपटल्याचाही आवाज आला. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, “येईल हो, बाहेर गेलंय, येईल.” माझ्या आवाजात वैताग होता.

मग गाडी चालू झाली.

तो आवाज मी इथे लिहिणार नाही. माझ्या हातातली पळी पिठात पडली एवढं आठवतं. मी अंगणात पोचले तेव्हा त्या माणसाने इंजिन बंद केलं होतं आणि तो बॉनेटचा खटका शोधत होता, पण त्याला तो सापडत नव्हता. त्याच्या बायकोने मुलीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं. मांजर जिवंत होतं. आम्ही दोघांनी मिळून त्याला बाहेर काढलं, टॉवेलमध्ये घेतलं. मागचे पाय कुठल्या कुठे वळले होते. तो माणूस सारखा म्हणत होता, “काकू, तुम्ही सांगितलं होतं, तुम्ही सांगितलं होतं, मला वाटलं तुम्ही उठला नसाल, कशाला उठवायचं.” मला उठवायला नको म्हणून त्याने हाक मारली नव्हती.

शेजारच्या घरून माझी धाकटी जाऊ आली. तिला ह्यांच्याजवळ बसवलं आणि आम्ही त्याच गाडीने अलिबागला निघालो. ह्यांच्या खोलीत मी गेले नाही. मांजर त्या अवस्थेत ह्यांना दाखवायचं नव्हतं.

सुट्टीचा दिवस, त्यामुळे सरकारी जनावरांचा दवाखाना बंद असणार हे रस्त्यातच लक्षात आलं. तो माणूस एका हाताने गाडी चालवत फोन लावत होता. चोंढीच्या पुढे गाड्यांची रांग लागली. सगळं जग समुद्रावर निघालं होतं. टपावर पतंग, फुगे, गाणी. मांडीवरच्या टॉवेलमध्ये मांजर घुरघुरायला लागलं, ह्यांच्या कुशीत बसल्यावर करायचं तसं. मला वाटलं, बरं वाटतंय त्याला. मी त्या माणसाला तसं सांगितलंसुद्धा. तो रडत होता.

एका खाजगी डॉक्टरांनी घरातून येऊन आमच्यासाठी दवाखाना उघडला. त्यांनी मांजराला फार हळू हाताळलं. घुरघुरतंय म्हणजे बरं आहे ना, असं मी विचारलं, तर त्यांनी मान हलवली. फार दुखत असलं तरी मांजरं असंच करतात, म्हणाले. कमरेचं हाड आणि कणा गेला होता, आत रक्त साचत होतं. मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेता येईल, पण तिथपर्यंत टिकेल असं ते सांगू शकत नव्हते.

“तुम्ही सांगा, काय करायचं,” डॉक्टर मला म्हणाले.

ह्यांच्या वेळी हाच प्रश्न मला अलिबागच्याच एका दवाखान्यात विचारला होता, आणि तेव्हा मी एका क्षणात सांगितलं होतं, मुंबईला न्या. या वेळी मी टॉवेलचं टोक दुमडत राहिले. मग म्हटलं, “झोपवा त्याला.” इंजेक्शन दिल्यावर घुरघुर हळूहळू थांबली. कधी थांबली ते नक्की कळलं नाही.

वाडीत पोफळीच्या रांगेशेवटी त्या माणसानेच खड्डा खणला. कुदळीची सवय नव्हती, तळहात सोलवटून निघाले, पण त्याने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मुलीला सांगितलं की मांजर दवाखान्यात आहे, डॉक्टर त्याला बरं करताहेत. दुपारी ते गेले.

आता ह्यांना काय सांगायचं? मी सांगितलं की मांजर फिरायला गेलंय, येईल. जावेनेही तेच सांगितलं. ह्यांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन घास. आणि हाक नाही. मला ते विचित्र वाटलं, कारण मांजर नाहीसं झालंय तर हे जास्त बोलावतील असं मला वाटत होतं. बाहेर एकतीस तारखेची गडबड सुरू झाली होती, किनाऱ्यावरून संध्याकाळीच फटाक्यांचे आवाज यायला लागले होते, वाडीतली कुत्री पडवीत येऊन माझ्या पायांत घुसत होती. मला ते ओझं सहन होईना. मी ह्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. गीझरपासून सांगितलं. राखेवर पाणी ओतल्याचं सांगितलं. टॉवेल, डॉक्टर, पोफळीखालचा खड्डा.

ह्यांनी ते शांतपणे ऐकलं. मग डावा हात उचलून खिडकीकडे दाखवलं. ह्यांचा पलंग खिडकीला लागून आहे आणि खिडकीतून अंगण दिसतं, जिथे गाड्या लागतात. मग तोच हात माझ्या छातीकडे वळवला आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, “ये.” आणि कठड्यावर दोन थापा मारल्या. “ये. ये.” पुन्हा दोन थापा.

मला समजायला वेळ लागला नाही. ह्यांनी मांजराला गाडीखाली शिरताना बघितलं होतं. त्या सकाळी तो माणूस चावी घेऊन येताना बघितला होता. हे मांजराला बोलावत नव्हते, मला बोलावत होते. मला बोलावण्यासाठी ह्यांच्याकडे तेवढाच एक शब्द होता, आणि तो मांजराचा आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. याआधी किती वेळा हे मला बोलावत असतील आणि मी भांडी घासत राहिले असेन, हेही तेव्हाच मनात आलं. मी ह्यांच्या हातावर हात ठेवला, तो ह्यांनी धरला नाही, झिडकारलाही नाही. जाऊ दिवा लावायला आली तेव्हा तिने मला उठवलं.

त्या दिवसानंतर हे ‘ये’ म्हणालेले नाहीत. माझ्यासाठी नाही, कोणासाठीच नाही. मी आता प्रत्येक आवाजाला धावते, कठडा हलला तरी धावते, पण जाऊन बघावं तर हे डोळे मिटून पडलेले असतात. व्यायामाच्या बाई दोन महिन्यांनी म्हणाल्या की बोटं पहिल्यासारखी आखडली आहेत. त्यांनी रबराचा चेंडू दिला. तो उशाशी पडून असतो. संक्रांतीला मुलगा एक पिल्लू घेऊन आला, करड्या रंगाचं, अगदी गुंडीएवढं. ह्यांच्या कुशीत ठेवलं तर “नको” म्हणाले, एवढ्या जोरात की पिल्लू पलंगाखाली पळालं. ते आता जावेकडे आहे. जाऊ मला म्हणाली, “मांजरच होतं ना ताई, मानूस न्हवं. किती दिस असं बसशील?” तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

बंब मी माळ्यावरून खाली काढला. सोडणं घालून पेटवते. राखेचे डाग पडले फरशीवर, पडू देत. वाडीतला एक बोका कधीकधी येऊन दाराशी उभा राहतो, पण आत येत नाही. सकाळी अंगणातल्या प्रत्येक गाडीवर थापा मारते आणि मगच चूल-गॅस बघते. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. एक जण म्हणाला, “काकू, पत्र्याला पोचा येईल.” हे सगळं आता मला येतं. मांजराला काय खाऊ घालू नये, गारठ्यात कुठे झोपवावं, फटाक्यांच्या दिवशी कुठल्या खोलीत बंद ठेवावं, सगळं विचारून घेतलंय मी त्या अलिबागच्या डॉक्टरांकडून. विचारलं तेव्हा घरात मांजर नव्हतं.

पुण्याचं ते कुटुंब परत आलं नाही, पण फोन येतो. पहिला आला होता मकरसंक्रांतीच्या सुमारास. मुलीला मांजराची चौकशी करायची होती. फोन तिच्या हातात देण्याआधी तिच्या बापाने हळू आवाजात मला विनवलं की तिला अजून सांगितलेलं नाही, ती रोज विचारते, आम्ही बरं झालं असं सांगितलंय. मी म्हटलं, हरकत नाही. मग ती बोलली. मांजर चालतं का, दूध पितं का, आजोबांजवळ झोपतं का. मी हो म्हणत गेले.

तेव्हापासून अधूनमधून तिचा फोन येतो. या डिसेंबरात दोनदा आला. परवा तिने व्हिडिओवर मांजर दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, झोपलंय गं, उठवायला नको. थंडी आहे ना, उबेला बसलंय. बरं म्हणाली. तिने मांजरासाठी लोकरीचं काहीतरी विणून घेतलंय तिच्या आजीकडून, ते पोस्टाने पाठवणार आहे.

फोन ठेवला की मी थोडा वेळ न्हाणीच्या दाराशी जाऊन उभी राहते. लगेच ह्यांच्या खोलीत जायचा धीर होत नाही. दार उघडंच असतं, आणि आमचं घर लहान आहे, सगळं ऐकू जातं.